एक गाडी, अनेक ड्रायव्हर: ट्रकच्या साफसफाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिंपळगाव बसवंतहून वाशीच्या बाजारात कांदा, टोमॅटो आणि हंगामात द्राक्षं नेणाऱ्या गाड्यांच्या पाळ्या मी लावतो. चौदा फुटी आणि एकोणीस फुटी मिळून गाड्या ७, ड्रायव्हर ११. म्हणजे कुणाचीच गाडी ठरलेली नाही. सोमवारी ज्या सीटवर एक बसला, त्याच सीटवर मंगळवारी दुसरा. खालचे प्रश्न ड्रायव्हरांनी, क्लीनरांनी आणि दोन-चार गाड्या बाळगणाऱ्या मालकांनी मला वेळोवेळी विचारलेले आहेत. मी स्वतः क्लीनर म्हणून या धंद्यात आलो, नंतर बरीच वर्षं गाडी चालवली. जे हातानं केलं तेच सांगतोय.

स्वतःची गाडी आरशासारखी ठेवणारा ड्रायव्हर सामायिक गाडीत एवढा निष्काळजी का होतो?

माणूस वाईट असतो म्हणून नाही. आज मी पुसली तरी उद्या दुसरा घाण करणार, हे त्याला माहीत असतं. एकदा हे मनात बसलं की हात उचलत नाही. पण मला याहून मोठं कारण वेगळंच दिसतं. ड्रायव्हरला पैसे मिळतात ते फेरीचे. गाडी बाजारात रात्रभर उभी राहते, पहाटे माल उतरतो, मग परतीचं भाडं शोधायचं, मग घाट चढून यायचं. या सगळ्यात झाडण्या-पुसण्याचा वेळ कुणीच धरत नाही. जो वेळ हिशेबात नाही, तो माणूस झोपेतून काढणार का? त्यानं काढूही नये.

म्हणून मालकांना माझं पहिलं सांगणं असं, की सफाईचा अर्धा तास पाळीत धरा आणि त्याचे पैसे द्या. आमच्याकडे हे सुरू झाल्यावरच गाड्या बदलल्या. त्याआधी मी भिंतीवर सूचना लावून पाहिल्या, बैठका घेतल्या, रागावलो. फरक पडला नव्हता.

गाडी झाडायची कुणी? ज्यानं आणली त्यानं, की जो घेऊन जाणार त्यानं?

ज्यानं आणली त्यानं. यात वाद ठेवू नका.

कारण साधं आहे. घाण कुठे आणि कशाची, हे आणणाऱ्यालाच माहीत असतं. सीटखाली डबा कलंडला, डाव्या बाजूच्या गोणीतून पाणी गळलं, पायरीवर डिझेल सांडलं, हे नव्या माणसाला वास आल्यावर किंवा पाय घसरल्यावर कळतं. आणि निघायच्या घाईत असलेला माणूस साफसफाई करत नाही, तो वरवरचं सरकवतो. मग तेच सीटखाली जातं, तिथून पुढच्याकडे, आणि आठवड्यानं कुणाचं होतं ते कळतच नाही.

आमच्याकडे किल्ली द्यायच्या आधी दोघं मिळून गाडीभोवती एक फेरी मारतात. केबिन रिकामी आहे का, हौदा (मागची माल भरायची जागा) झाडलाय का, हत्यारं जागेवर आहेत का, टायर, दिवे, खाली कुठे तेलाचा थेंब. आणणारा बोलतो, घेणारा बघतो. पाच-सात मिनिटं लागतात. बिघाडाच्या निम्म्या गोष्टी मला या फेरीतच कळतात, कारण स्वच्छ चॅसीवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) तेलाचा ताजा ओघळ लगेच दिसतो आणि चिखलानं माखलेल्या चॅसीवर महिनाभर दिसत नाही.

एक सवलत मात्र ठेवा. रात्री दोन-तीन वाजता घाट चढून आलेल्या माणसाला हौदा झाडायला लावू नका. त्यानं केबिन मोकळी करावी आणि घरी जावं. हौदा सकाळी यार्डातला माणूस झाडेल. झोपेत असलेल्या माणसाला फाळक्यावर (हौद्याच्या उघडणाऱ्या फळीवर) चढवणं धोक्याचं आहे.

गाडीवर क्लीनर आहे. मग ड्रायव्हरनं झाडू का धरावा?

क्लीनर हे नावच सफाईवरून पडलं, हे खरं. आमच्याकडे बरेच जण अजून किन्नर म्हणतात. पण क्लीनर म्हणजे झाडूवाला नव्हे. मागं घेताना बाजू सांगणं, स्टेपनी बदलणं, चढावर चाकाखाली अडकणीचा गुटका (ठोकळा) लावणं, रात्री ड्रायव्हरशी बोलत राहणं, ही सगळी त्याची कामं आणि हाच त्याचा शिकण्याचा काळ. मी ज्या उस्तादाच्या हाताखाली शिकलो, ते काच स्वतः पुसायचे. माझ्या हातची काच त्यांना चालायची नाही. बाकी सगळं मी करायचो, पण पुढची काच त्यांची. ते म्हणायचे, रस्ता मला बघायचाय. तेव्हा मला ते अपमानासारखं वाटायचं. स्वतः रात्री गाडी चालवायला लागल्यावर कळलं.

आता तर छोट्या गाड्यांवर क्लीनर उरलेलेच नाहीत, मालकाला परवडत नाहीत. एकटाच ड्रायव्हर जातो. काम मात्र तेवढंच राहिलं आहे, आणि ते त्याच्या एकट्यावर आलं आहे, हे मालकानं ओळखलं पाहिजे.

केबिनमध्ये सगळ्यात आधी काय साफ करायचं?

ड्रायव्हरच्या पायाखालची जागा. बाकी सगळं नंतर.

मी चालवत होतो तेव्हाची गोष्ट. पावसाळा होता, कांदा भरून इगतपुरी सोडली आणि कसारा घाट उतरायला लागलो. एका वळणाआधी ब्रेक दाबला तर पॅडल अर्ध्यावर अडलं. पायाला काहीतरी रबरासारखं लागलं. लिटरची पाण्याची बाटली, अर्धी भरलेली, झाकण घट्ट लावलेलं. उतारावर सीटखालून घरंगळत येऊन बरोबर पॅडलमागे बसली होती. झाकण लावलेली बाटली दबत नाही, नुसती फुगते. टाचेनं बाजूला सारायला गेलो तर आणखी आत गेली. गाडी खालच्या गिअरला होती म्हणून इंजिननं धरून ठेवली, नाहीतर आज हे लिहायला मी नसतो. शेवटी शेजारी बसलेल्या पोरानं खाली वाकून, माझ्या पायांमधून हात घालून ती ओढून काढली. त्याच्या मनगटाला पॅडलची कड लागून रक्त आलं होतं.

ती बाटली माझी नव्हती. आदल्या दिवशी कुणीतरी पिऊन सीटखाली टाकली होती. त्याला बिचाऱ्याला आठवणही नसेल.

तेव्हापासून माझा नियम आहे, ड्रायव्हरच्या बाजूला जमिनीवर एकही सुटी वस्तू नको. बाटली नको, चप्पल नको, पाना नको, फडकंही नको. सुटी रबरी चटई पुढे सरकून पॅडलखाली जाते, म्हणून तीही नको. असेल तर हुकनं पक्की हवी. बाटल्यांसाठी आम्ही कांद्याची लाल जाळीची गोणी कापून सीटच्या पाठीला शिवून घेतली आहे. फुकटचं काम, आणि आत काय पडलंय ते दिसतं.

त्यानंतर पॅडलची रबरं आणि चढायची पायरी. पावसाळ्यात खळ्यावरचा चिखल बुटाला चिकटून दोन्हीवर येतो. पायरीवरून पाय निसटून गुडघा फोडून घेतलेले ड्रायव्हर तुम्हालाही माहीत असतील.

तंबाखू, मावा, पिचकाऱ्या. यावर काही उपाय आहे का?

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात ते रस्त्यावरच्या सगळ्यांना माहीत आहे. माणसाचं व्यसन मी सोडवू शकत नाही, पण त्याची थुंकी पुढच्याच्या वाट्याला येऊ नये एवढं बघू शकतो.

आम्ही प्रत्येक गाडीत झाकणाचा एक डबा ठेवला, तळाला माती. जो वापरतो त्यानं उतरताना तो रिकामा करून नवी माती भरायची. आधी वाटलं होतं कुणी वापरणार नाही, पण वापरतात. खिडकीतून थुंकलं की निम्मं आपल्याच दारावर येतं आणि निम्मं मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर, हे प्रत्येकाला कळतं. फक्त दुसरी जागा नसते. दाराच्या आतल्या बाजूला पडलेला डाग ओला असतानाच साबणाच्या पाण्यानं निघतो. वाळला की प्लास्टिकमध्ये मुरतो. चुन्याची बोटं डॅशबोर्डला पुसायची सवय मात्र सांगूनच मोडावी लागते. पुन्हा पुन्हा सांगा.

अंथरूण-पांघरूण गाडीतच ठेवावं का?

नाही. ज्याचं त्यानं आणावं, ज्याचं त्यानं न्यावं.

केबिन ही ड्रायव्हरची झोपायची खोली आहे. वाशीला गाळ्यासमोर नंबर लागेपर्यंत तो तिथेच पाठ टेकतो. दुसऱ्याच्या घामाच्या उशीवर डोकं ठेवायला लावणं मला पटत नाही. एकदा गाडीत ढेकूण शिरले की ते ११ घरांत जातात, आणि आमच्याकडे ते झालं आहे. सीटचं कव्हर काढून उकळत्या पाण्यात घातलं, सांध्या-सांध्यांतून औषध मारलं, तरी महिनाभर पिच्छा सुटला नाही. आता ऑफिसात खुंट्या ठोकल्या आहेत, प्रत्येकाच्या नावाची पिशवी. सीटचं कव्हर काढता येईल असं शिवून घ्या, दोन जोड ठेवा, आठवड्याला एक धुवा. धुण्याचा खर्च मालकानं करावा.

लघवीची बाटली गाडीत सापडते. कसं बोलायचं यावर?

हा प्रश्न मालक हळू आवाजात विचारतात. ड्रायव्हर विचारत नाहीत, कारण त्यांना उत्तर माहीत आहे. ट्रक उभा करता येईल अशी जागा आणि तिथे धड मुतारी, हे दोन्ही एकत्र फार कमी ठिकाणी मिळतं. रांगेत, टोलवर, बाजाराच्या गेटवर गाडी सोडून जाता येत नाही. त्यामुळे बाटली वापरणाऱ्याला दोष देणं चूक आहे. बाटली सोडून जाणाऱ्याला मात्र सांगावं लागतं.

चारचौघांत सांगू नका, एकट्याला बाजूला घेऊन सांगा. वेगळी, रंगानं ओळखू येणारी बाटली ठेवा, म्हणजे पाण्याची समजून कुणी उचलणार नाही. रस्त्याच्या कडेला फेकायची नाही. मुतारी दिसेल तिथे रिकामी करून धुवायची. आणि मार्गावरचे कोणते पंप, कोणते ढाबे संडास स्वच्छ ठेवतात, याची यादी ड्रायव्हरांनाच करायला सांगा. आमची यादी ऑफिसच्या दारामागे चिकटवलेली आहे आणि तिच्यात भर घालणं कधीच थांबलेलं नाही.

केबिनमध्ये जेवलं तर चालेल का? स्टोव्ह?

जेवायला हरकत नाही. पेटवायचं काहीच नाही, स्टोव्ह नाही की छोटा सिलिंडर नाही. चहाही बाहेर.

जेवणानंतर मात्र चपातीचा एक तुकडाही राहू देऊ नका. कांद्याच्या खळ्यावर उंदीर असतातच. त्यांना केबिनमध्ये खायला मिळालं की ते तिथेच राहतात आणि मग वायरी कुरतडतात. आमच्या एका गाडीचे मागचे दिवे भिवंडीच्या अलीकडे रात्री बंद पडले. सकाळी वायरिंगवाल्यानं सीट उचलली तर खाली फरसाणची पुडी, शेंगदाण्याची टरफलं, कुरतडलेल्या कापसाचं घरटं आणि तांबं उघडं पडलेल्या तीन वायरी. दिवे नसलेला ट्रक रात्री महामार्गावर. त्या पुडीची किंमत काय होऊ शकली असती, याचा विचार मला अजूनही करवत नाही.

पुढची काच कितीही पुसली तरी रात्री समोरच्या दिव्यांनी चमकते. का?

कारण तुम्ही बाहेरून पुसता आणि थर आतून असतो. विडीचा धूर, श्वासाची वाफ, डॅशबोर्डचं प्लास्टिक तापून उठणारी वाफ, यांचा तेलकट पापुद्रा आतल्या बाजूला बसतो. दिवसा दिसत नाही. समोरून दिवा आला की सगळी काच पांढरी होते. ओल्या स्वच्छ फडक्यानं आधी, मग कोरड्यानं पुसा. वर्तमानपत्राचा कागदही चांगला.

बाहेरून मात्र कोरडी धूळ कधीच घासू नका. धुळीत बारीक वाळू असते, तिचे ओरखडे कायमचे राहतात. आधी पाणी, मग हात. वायपरच्या रबरावर बोट फिरवून बघा. कडेला भेगा असतील तर जूनच्या आधी बदला.

हौदा नुसता झाडून भागतं का, की दरवेळी धुवायला हवा?

काय नेलं आणि पुढे काय भरणार, यावर आहे.

कांदा असेल तर खराटा पुरतो. टरफलं फळ्यांच्या फटीत आणि फाळक्याच्या बिजागरीत अडकतात, तिथे खिळा किंवा पत्र्याची पट्टी घालून काढावी लागतात, नाहीतर फाळका नीट बसत नाही. ही टरफलं वाऱ्यानं उडून सायलेन्सरजवळ साठतात. वाळलेली टरफलं आणि तापलेला सायलेन्सर, म्हणून तिकडेही नजर टाका. माल उतरवला की माथाडी आपलं काम करून जातात. झाडलेला कचरा गाळ्यासमोर ढकलून निघू नका, बाजाराच्या कचऱ्याच्या जागी टाका. त्यांनाही तिथेच दिवसभर पाठीवर गोणी घेऊन चालायचं असतं.

सडका कांदा किंवा टोमॅटो असेल तर धुवायलाच हवा. टोमॅटोचं पाणी आंबट असतं, पत्र्याचा रंग खातं, आणि चोवीस तासांत माश्या येतात.

परतीचा माल खरी परीक्षा घेतो. सिमेंट आणलं असेल तर आधी पाणी मारायचंच नाही. ओलं झालं की ते फटीत दगड होऊन बसतं आणि मग छिन्नीनं फोडावं लागतं. तोंडाला रुमाल बांधून कोरडं झाडा, शक्य तेवढं उचला, मग भरपूर पाण्यानं एका दमात धुवा. हात-पाय लगेच धुवा, सिमेंटनं कातडी जळते. खत आणलं असेल तर उलट भीती. युरियाचे दाणे हवेतलं पाणी ओढून पत्र्याला गंज आणतात, म्हणून एक दाणाही ठेवायचा नाही, आणि धुतल्यावर हौदा पूर्ण वाळू द्यायचा.

खाण्याचा माल नेणाऱ्या गाडीला अन्नसुरक्षा कायद्याचे स्वच्छतेचे नियम लागू होतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी आपण जे नेतो ते कुणाच्या तरी ताटात जातं, एवढं डोक्यात असलं की हौदा आपोआप नीट बघितला जातो.

कीटकनाशकाचा डबा हौद्यात फुटला. आता?

गाडी बाजूला घ्या आणि घाई करू नका. डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल किंवा पिवळा असेल तर स्वतः हात न घालता आधी माल देणाऱ्याला फोन करा.

साफ करायचं झालं तर हातमोजे, तोंडाला फडकं, वाऱ्याकडे पाठ. माती किंवा भुसा टाकून द्रव शोषून घ्या, फावड्यानं जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा. मगच साबणाच्या पाण्यानं धुवा. ते पाणी गटारात, विहिरीजवळ किंवा शेतात सोडू नका. माल देणाऱ्यालाच परत न्यायला लावा, ती त्याची जबाबदारी आहे. आणि त्या गाडीत पुन्हा भाजी भरायची घाई नको. लाकडी फळ्यांचा हौदा असेल तर फळ्या औषध पितात. डाग पडलेल्या फळ्या बदला. एका भाड्यासाठी आम्ही कीटकनाशक आणि भाजी एकाच गाडीत आलटून पालटून नेत होतो. आता औषधाचं भाडं घेतच नाही. ते पैसे हातचे जातात, जाऊ देत.

ताडपत्री, दोर, हत्यारं सारखी हरवतात.

जागा ठरलेली नसेल तर हरवणारच. प्रत्येक गाडीत हत्यारांची पेटी त्याच बाजूला, त्याच क्रमानं ठेवा: जॅक, पाना, टॉमी (लोखंडी दांडा), गुटके, बंद गाडीमागे ठेवायचा धोक्याचा त्रिकोण. पेटीच्या तळाला प्रत्येकाची आकृती रंगानं काढून ठेवली की काय नाही ते उघडताक्षणी दिसतं. अंधारात, पावसात, घाटात टायर बसला असताना ड्रायव्हरनं पाना शोधत बसू नये, यासाठी हे. प्रथमोपचाराची पेटी आणि आग विझवायचा सिलिंडर केबिनमध्ये हाताशी हवा, सीटमागे सामानाखाली नको.

ताडपत्री ओली घडी घालू नका. नाइलाजानं घातली तर यार्डात आल्या आल्या पसरा. ओल्या घडीला दोन दिवसांत कुबट वास येतो, आठवड्यात बुरशी, मग घडीच्या रेषेवर ती फाटते आणि पुढच्या पावसात कुणाचा तरी कांदा भिजतो. दोर गुंडाळूनच ठेवा, सुटा दोर चाकात जातो.

प्रेशर पंपानं धुवावं का?

चॅसी, चाकं, मडगार्ड यांना चांगलं. पण पाण्याचा झोत एअर फिल्टरच्या तोंडात, वायरींच्या जोडावर आणि सेन्सरवर मारू नका. रेडिएटरच्या जाळीवर जवळून मारला तर पात्या वाकतात. चाकाच्या हबवर आणि जिथे ग्रीस असतं तिथे झोत मारला की ग्रीस निघून जातं, म्हणून धुतल्यावर ग्रीसिंग केल्याशिवाय गाडी सोडू नका. धुऊन निघताना पहिल्या शंभर मीटरमध्ये दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून बघा; ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी गेलं असेल तर ब्रेक उशिरा लागतो.

नदीत किंवा तलावात गाडी उतरवून धुणं बंद करा. डिझेल-ऑइलचा तवंग त्याच पाण्यावर जातो जे खाली गाव पितं. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानं त्याला मनाईही आहे. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, तेव्हा आम्ही गाडी धूतच नाही. केबिन ओल्या फडक्यानं, हौदा खराट्यानं, आणि काचा-दिवे एका बादलीत. बाकी धूळ पहिल्या पावसापर्यंत राहिली तरी चालते.

टाकीच्या तोंडाशी पांढरी खडी जमते, ती काय?

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ (धुराचे कडक नियम पाळणाऱ्या) गाड्या आल्या. त्यांतल्या ज्या गाड्यांना युरियाची वेगळी टाकी असते, निळ्या झाकणाची, त्यांच्यात हे होतं. त्या टाकीतल्या पाण्यात ३२.५ टक्के युरिया असतो. ते सांडलं की पाणी उडतं आणि युरिया पांढरा होऊन बसतो. साध्या पाण्यानं विरघळतो, लगेच पुसा.

त्याचं नरसाळं वेगळं ठेवा आणि त्यावर निळी पट्टी मारा. आमच्याकडे कुणीतरी डिझेलचं नरसाळं त्या टाकीत वापरलं. थोडंसं डिझेल गेलं, आणि टाकी उतरवण्यापासून सगळं करावं लागलं. गाडी एकाच्याच हातात असती तर त्याला सवय असते. अनेकांच्या हातात असली की प्रत्येक वस्तूवर खूण हवी.

एसी केबिनच्या गाडीला वेगळं काही लागतं का?

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची आहे. ड्रायव्हरांसाठी ही मोठी चांगली गोष्ट झाली. पण काचा बंद राहणार, म्हणजे वास आतच राहणार. फिल्टर महिन्यातून एकदा काढून झटका, ओले कपडे आत वाळत घालू नका, विडी तर नाहीच.

नंबर प्लेट आणि मागची अक्षरं?

नंबर प्लेट, मागचे दिवे आणि चमकणाऱ्या पट्ट्या (पुढे पांढऱ्या, मागे लाल, बाजूला पिवळ्या) रोज ओल्या फडक्यानं पुसा. चिखलानं झाकलेली पट्टी असून नसल्यासारखी. ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला राज्यात २०१५ मध्येच मनाई झाली. बाकी रंगकाम हौसेनं करा, मला ते आवडतं.

एकजण ऐकतच नाही. दंड लावावा का? ग्रुपवर फोटो टाकावा का?

दोन्ही करून बघितलं. दंड लावला तर माणूस गाडी साफ करत नाही, पकडला जाणार नाही एवढंच बघतो. फोटो ग्रुपवर टाकला तर त्याहून वाईट झालं. आमचे एक जुने ड्रायव्हर, सगळे त्यांना आबा म्हणतात, त्यांच्या केबिनचा फोटो मी सगळ्यांसमोर टाकला. ते दुसऱ्या दिवशी आले, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “मला आधी विचारायचं होतं ना.” त्या रात्री त्यांच्या नातवाला दवाखान्यात नेलं होतं, ते गाडी तशीच सोडून धावले होते. मी माफी मागितली. ते राहिले, पण मला तो प्रसंग विसरता येत नाही.

आता फोटो निघतात, पण ते फक्त आणणारा, घेणारा आणि मी, एवढ्यांतच राहतात. वारंवार तेच घडलं तर मी त्या माणसाच्या पुढच्या दोन पाळ्या एकाच गाडीवर लावतो. आपलीच घाण आपल्याला मिळाली की बोलावं लागत नाही. तरीही नाही जमलं तर आधी त्याची झोप आणि फेऱ्या किती होतायत ते बघतो. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

डॅशबोर्डवर देव कुणाचा?

११ माणसांत सगळे एका देवाचे नसतात. आमच्याकडे डॅशबोर्डवर एक छोटी जागा मोकळी आहे. ज्याला जे ठेवायचं ते तो ठेवतो आणि उतरताना घेऊन जातो. अगरबत्ती केबिनमध्ये नाही, सीटला भोकं पडतात. बाहेर बंपरजवळ लावा.

दसऱ्याला धुतलेली गाडी आठवडाभरात पुन्हा तशीच. काय करावं?

दसऱ्याला सगळ्या गाड्या धुतल्या जातात, चाकांना हळदकुंकू, पुढे झेंडूची माळ, सगळे मिळून पूजा. त्या दिवशी कुणी विचारत नाही की ही गाडी कुणी धुवायची. मला वर्षातला तो सर्वांत आवडता दिवस.

पण माळ तिसऱ्या दिवशी उतरवा. रेडिएटरपुढे ती हवा अडवते, आणि सुकलेल्या पाकळ्या वायपरखालच्या जाळीत जाऊन पाणी तुंबवतात. तिथे झाडू पोचत नाही. बोनेट उघडून, जाळीच्या खाचांतून एकेक पाकळी बोटानं काढावी लागते.